पळसाला पानं तीनच



आजचं वाचन थोडंसंच आहे, पण तीन ठिकाणचं आहे: ईयोब १:६-१२, निर्गम ३४:५-९ आणि स्तोत्र २२:१-५. आधी ते वाचून घ्या, मग इकडे या. लोकलमध्ये उभे असाल तर मोबाईलवरच वाचा, पण वाचा. वेळ कमी असेल तर माझं लिहिणं सोडा, वचन सोडू नका.

गेल्या लेंटमध्ये आमच्या तरुण संघाची एक दिवसाची सहल पळसदरीला गेली होती. कर्जतला उतरायचं, वडे बांधून घ्यायचे, खोपोली गाडीत बसायचं. पहिलंच स्टेशन पळसदरी. आमच्याबरोबर उतरलेले बरेचजण स्वामी समर्थांच्या मठाकडे चालले होते. आम्ही तलावाच्या बाजूला वळलो. गाव नावातच पळस घेऊन बसलंय, म्हणून मी रस्ताभर पळस शोधत होते. नावाच्या मानाने कमीच दिसले. एक मात्र छान सापडला. अंगावर एकही पान नाही आणि सगळा केशरी फुलांनी भरलेला. खाली जुनी वाळलेली पानं पडली होती. त्यातलं एक, तिन्ही पानं देठाला धरून असलेलं, मी उचललं आणि बायबलमध्ये ठेवलं. उगाच. काही अर्थ वगैरे मनात नव्हता.

परतताना आमची गाडी चुकली. खोपोलीच्या गाड्या मुळात कमी, त्यामुळे पुढची यायला बराच वेळ होता. उन्हं कललेली, फलाटावर आम्ही चौदाजण आणि दोन कुत्री. आमच्याबरोबर ज्या मावशी येतात (नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही) त्या म्हणाल्या, "बसा. वेळ आहे तर प्रार्थना करू. पण आज एक अट आहे. 'दे' म्हणायचं नाही."

कोणीतरी लगेच म्हणालं, "मग उपकारस्तुती करू."

"तीही नाही. 'दिलंस' नाही, 'केलंस' पण नाही. तो कोण आहे, कसा आहे, एवढंच बोला. बाकी सगळं घरी जाऊन बोला."

आमचा संघ प्रार्थनेत कच्चा नाही. चेन प्रार्थना असली की एकाचं आमेन संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. पण त्या दिवशी शांतता पसरली. एकाने धीर करून सुरुवात केली, "प्रभू, तू खूप चांगला आहेस, कारण कंपनीने मला परमनंट..." मावशी म्हणाल्या, "कारण नको." सगळे हसले, तोही हसला. मग पुन्हा शांतता. "तू महान आहेस" झालं. "तू पवित्र आहेस" झालं. दोन मिनिटांत आमचा सगळा साठा संपला. वर्षानुवर्षं रोज ज्याच्याशी बोलतो, त्याच्याविषयी सांगायला आमच्याकडे चार शब्द होते.

त्याच वेळी बाजूच्या रुळांवरून पुण्याकडे जाणारी एक गाडी आली. पळसदरीच्या पुढे बोरघाट लागतो, ३७ फुटांना १ फूट असा चढ. म्हणून कर्जतलाच गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. पुढचे डबे गेले आणि शेवटी ती ढकलणारी इंजिनं घरघरत गेली. एकजण म्हणाला, "देव असाच आहे ना, मागून ढकलणारा, आपल्याला दिसत नाही." उदाहरण झकास होतं, मीही पुढेमागे वापरीन. पण मावशींनी मान हलवली. "तेही तो तुझ्यासाठी काय करतो तेच झालं. तू गाडीत नसतास तर तो कोण असता?"

हा प्रश्न सगळ्यांनाच लागला असावा, कारण त्यानंतरच्या प्रार्थना वेगळ्या होत्या. रात्रपाळी करणारा एकजण म्हणाला, "प्रभू, तू थकत नाहीस." एवढंच. यशयाच्या ४०व्या अध्यायात हे आहे, पण त्याने ते तिथून पाठ करून आणलं नव्हतं. एक मुलगी बराच वेळ खाली बघत बसली होती. ती म्हणाली, "तू खोटं बोलत नाहीस." तिचं लग्न का मोडलं ते आम्हाला माहीत होतं, त्यामुळे कोणी मोठ्याने आमेन म्हटलं नाही, हळूच म्हटलं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मला नको."

मावशी "बरं" म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. त्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

का नको ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सगळं नुसतं शिकवण होईल. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात माझे पप्पा गेले. आजार किडनीचा, दोन वर्षांचा. मंडळीने साखळी प्रार्थना केली, मी उपास केले, आणि खरं सांगायचं तर मी साक्ष तयार करून ठेवली होती. रविवारी उपासनेत उभं राहून काय बोलायचं, कुठे थांबायचं, कुठलं वचन वाचायचं, सगळं. डिस्चार्ज मिळाल्यावर पप्पांना पहिल्या बाकावर बसवायचं आणि बोलायचं. ती साक्ष तशीच राहिली. त्यानंतर दर रविवारी साक्षीची वेळ आली की माझं पोट आवळायचं. कोणाचं ऑपरेशन यशस्वी, कोणाचा व्हिसा आला, कोणाला सात वर्षांनी मूल. सगळ्या खऱ्या साक्षी. मी सगळ्यांना आमेन म्हणत होते आणि मनात हिशोब करत होते. त्यातच एकाने मला सांत्वन म्हणून सांगितलं की विश्वास थोडा कमी पडला असेल. तुमच्यापैकी ज्यांना कोणी असं म्हणालंय त्यांना कळेल, त्यावर काय उत्तर द्यायचं ते सुचत नाही.

तर पळसदरीच्या फलाटावर माझ्याकडे 'दिलंस' नव्हतं हे खरंच. पण 'दिलंस' काढून टाकायला सांगितल्यावर जी जागा मोकळी झाली, तीही मला रिकामीच दिसली. मला घाबरवलं ते या दुसऱ्या गोष्टीने.

आपली मराठी ख्रिस्ती भाषा मोठी गंमतीची आहे. देवाचे आभार मानण्याला आपण 'उपकारस्तुती' म्हणतो. लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द, कधी फोडून पाहिला नव्हता. त्यातून उपकार काढा. उरते ती स्तुती. माझ्या बाबतीत उपकार काढल्यावर काही उरतं का, हाच प्रश्न होता.

आणि हा प्रश्न मावशींनी शोधून काढलेला नाही. तो पवित्र शास्त्रात फार जुना आहे, आणि तिथे तो सैतानाच्या तोंडी आहे. ईयोबाच्या पहिल्या अध्यायात देव ईयोबाचं कौतुक करतो, तेव्हा सैतान ईयोबाच्या एकाही पापाकडे बोट दाखवत नाही. तो फक्त विचारतो की ईयोब काय फुकट देवाला भितो? तू त्याच्याभोवती कुंपण घातलंस, गुरंढोरं दिलीस, ते काढ आणि बघ. त्याचं म्हणणं असं की माणसाची सगळी स्तुती हा शेवटी व्यवहार असतो. दे आणि घे. देणं बंद झालं की तोंड बंद. मी त्या आठवड्यात हे वाचलं आणि पुस्तक मिटलं. माझ्याविषयी त्याचं म्हणणं खरं निघत होतं.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर गैरसमज होईल. उपकारस्तुती कमी दर्जाची नाही. लूकच्या १७व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठवा. दहाही बरे झाले, एक परत आला, आणि उरलेले नऊजण कुठे आहेत असं येशूने विचारलं. आभार मानायला परत न येणं त्याला खटकलं. तेव्हा नोकरी लागली, रिपोर्ट चांगला आला, तर मोकळेपणाने आभार माना. माझ्यासारखीला वाईट वाटेल म्हणून साक्ष गिळू नका. फक्त तो एकजण परत येऊन काय करतो ते बघा. तो येशूच्या पायाशी पडतो. त्याला मिळायचं ते मिळून गेलेलं आहे, त्या पायाशी आता आणखी काही मिळवायचं शिल्लक नाही. तरी तो तिथे आहे.

आपल्या गटातल्या बऱ्याच जणांचा आणखी एक प्रश्न असतो, तोही घेते. देवाला एवढी स्तुती कशाला लागते? आपण कोणी स्वतःची वाहवा करून घ्यायला लागलं तर त्याला काय म्हणतो? प्रश्न रास्त आहे. ५०व्या स्तोत्रात देव जवळजवळ हेच बोलतो, की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, सगळं जग माझंच आहे. म्हणजे त्याला आपल्या स्तुतीवाचून अडलेलं नाही. उलट जिच्यात काही पदरात पाडून घ्यायचं असतं, तिला मराठीत खुशामत म्हणतात. ऑफिसात अप्रेझलच्या महिन्यात साहेबांच्या शर्टाचं कौतुक करतो ती. मावशींनी 'दे' आणि 'दिलंस' काढून घेतलं तेव्हा खुशामतीची वाटच बंद केली. उरलं ते फक्त खरं बोलणं. डोंगर बघून आपण 'केवढा मोठा!' म्हणतो तेव्हा डोंगराला काही मिळत नाही, आपल्यालाही नाही. पण न म्हणता राहवत नाही.

मग तो कोण आहे? हे आपण आपल्या अंदाजाने ठरवायचं नाही, कारण आपला अंदाज आपल्या दिवसावर चालतो. बरा दिवस गेला की देव प्रेमळ, वाईट गेला की देव गप्प. निर्गमच्या ३४व्या अध्यायात त्याने स्वतःची ओळख स्वतः करून दिली आहे. आणि कधी? सोन्याच्या वासराचं प्रकरण नुकतंच घडलेलं, दगडी पाट्या फुटलेल्या, सगळं बिघडलेलं असताना. त्याच्या आधी ३३व्या अध्यायात मोशे म्हणतो, मला तुझं तेज दाखव. देव उत्तर देतो की मी माझा सगळा चांगुलपणा तुझ्यासमोरून नेईन. मागितलं तेज, दाखवायचं ठरवलं चांगुलपण. आणि तो चांगुलपणा जात असताना काय होतं? देव मोशेला खडकाच्या कपारीत ठेवतो आणि त्याच्यावर आपला हात झाकतो. म्हणजे जेव्हा देवाचं चांगुलपण अगदी जवळून जात होतं, नेमकं तेव्हाच मोशेला काही दिसत नव्हतं. हात काढल्यावर दिसली ती पाठ.

हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं. पप्पा गेल्यावर पहिल्यांदा वाचताना त्या हाताशी थांबले. मला हा हात आवडला असं मी म्हणणार नाही.

मग देव स्वतःचं नाव उच्चारतो. करुणा, कृपा, रागावायला उशीर, प्रेम आणि सत्य यांनी भरलेला. क्षमा करणारा, पण अपराधाकडे डोळेझाक न करणारा. यात मोशेला काय मिळणार याची यादी नाही. हे ऐकून मोशे आधी काय करतो ते बघा. आठव्या वचनात तो जमिनीपर्यंत लवतो. मागणं नवव्या वचनात येतं. मागणं येतंच, मोशे काही मोठा विरक्त नव्हता, त्याला लोकांना घेऊन वाळवंट पार करायचं होतं. पण क्रम हा आहे. आणि हाच क्रम येशूने आपल्या तोंडात बसवून दिला. प्रभूची प्रार्थना म्हणून बघा: आधी पिता, त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. भाकर नंतर. रोजच्या भाकरीची लाज वाटून घ्यायला त्याने शिकवलं नाही, पण तिच्यापासून सुरुवातही करू दिली नाही.

आता २२वं स्तोत्र, ज्याच्यामुळे मला पुन्हा तोंड उघडता आलं. पहिली दोन वचनं म्हणजे सरळ तक्रार आहे. मला का टाकलंस, दिवसा हाक मारतो, रात्री मारतो, उत्तर नाही. तिसऱ्या वचनात बोलणं वळतं. मधल्या वेळात काही घडलेलं नाही, उत्तर आलेलं नाही, कोणी बरं झालेलं नाही. आणि तरीही तो म्हणतो की तू पवित्र आहेस, इस्राएलाच्या स्तवनांमध्ये तुझं आसन आहे. पुढे सहाव्या वचनात पुन्हा रडगाणं सुरू, मी किडा आहे वगैरे. म्हणजे स्तुती ही रडणं संपल्यावरची पायरी आहे असं नाही. ती रडण्याच्या मधोमध आलेली आहे, दोन्ही बाजूंनी तक्रार. मला वाटायचं की आधी मन शांत व्हायला हवं, देवाशी भांडण मिटायला हवं, मग स्तुती. या स्तोत्राने ते खोटं ठरवलं.

आणि हे स्तोत्र कोणाच्या तोंडी आलं ते आपल्याला ठाऊक आहे. गुलगुथ्यावर येशूने याचंच पहिलं वचन ओरडून म्हटलं. देव कसा आहे हे सीनायवर मोशेला ऐकू आलं. गुलगुथ्यावर ते खिळ्यांनी ठोकलेलं दिसलं, आणि ज्याच्यात ते दिसलं तो स्वतःच 'का' असं विचारत होता. तेव्हा 'का' विचारणारीला देवाच्या घराबाहेर काढता येणार नाही. विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांनी हेही एकदा वाचावं. (झालं, बोलून टाकलं. पुढे जाऊ.)

पळसदरीवरून जी गाडी घाट चढते, तिच्याच वाटेवर पुढे, पुण्याच्या पलीकडे, केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. हा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, आणि १८९० मध्ये रमाबाईंनी आपलं शारदासदन मुंबईहून पुण्याला हलवलं तेव्हाही मुंबईची गाडी याच घाटाने चढायची. रमाबाईंच्या कामाबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलंय. मला आज त्यांच्या एका कबुलीबद्दल बोलायचंय. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. नंतर स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, तो चांगलाही होता, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त सापडलेला नव्हता.

विचार करा, हे कोण म्हणतंय. दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण गमावलेली बाई. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, पदरात तान्ही मनोरमा. एवढ्या पडझडीनंतर ख्रिस्ती धर्मात तिला आसरा मिळाला, शिक्षण मिळालं, काम मिळालं. ती म्हणू शकली असती की देवाने भरपूर दिलं, आता आणखी काय? पण तिला दिलेलं पुरलं नाही, तिला देणारा हवा होता.

आणि मग १९२१च्या जुलैमध्ये मनोरमाही गेली. चाळिशीची लेक, आईचा उजवा हात, पुढे सगळं तिनेच सांभाळायचं होतं. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या आणि इब्री-ग्रीकवरून मराठीत बायबल आणण्याचं काम चालू होतं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. त्या पुन्हा त्या कामाला बसल्या. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ला गेल्या. मनोरमा गेली त्या रात्री त्यांनी देवाला काय म्हटलं असेल, ते आपण त्यांच्या वतीने ठरवू नये. त्यांना लोखंडाची बाई करून ठेवायची आपल्याला फार हौस आहे. पण ज्या देवाविषयी त्या शब्दन् शब्द तोलून लिहीत होत्या, तो देव जुलैनंतर वेगळा झाला असं त्यांनी मानलं नाही, एवढं त्या कामाकडे बघून कळतं.

आता ते पान. सहलीनंतर दोन-तीन दिवसांनी आईने माझं बायबल उचललं आणि पान खाली पडलं. तिने ते उचलून बघितलं आणि हसली. पप्पा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. म्हणाली, "पळसाला पानं तीनच."

ही म्हण आपण कपाळावर हात मारून वापरतो. कुठेही जा, सगळीकडे तेच, काही बदलत नाही. ऑफिस बदला, मॅनेजर तसाच. पण आमच्या घरात तिचा एक खास अर्थ होता, आणि मी तो विसरले होते. पप्पा कुटुंब-प्रार्थनेत रोज रात्री शेवटी तीन वाक्यं म्हणायचे. "प्रभू, तू पवित्र आहेस. तू चांगला आहेस. तू आमचा आहेस." आधीची प्रार्थना वेगवेगळी असायची, शेवट हाच. पगार झाला त्या रात्री हाच, कंपनी बंद पडली त्या रात्री हाच, माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा हाच. आई चिडवायची, "तुमच्या प्रार्थनेला पळसाची पानं, तीनच." मी आणि भाऊ पांघरुणात तोंड घालून हसायचो. आम्हाला वाटायचं पप्पांना दुसरं काही सुचत नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत मास्कमुळे त्यांचं बोलणं कळायचं नाही. एका रात्री मी कान जवळ नेला. पाणी हवंय का विचारायला. तीच तीन वाक्यं चालली होती. मी तेव्हा मनात म्हटलं, सवय आहे. यांत्रिक आहे. मला रागच आला थोडा, कारण मी मागत होते आणि ते मागतच नव्हते.

आता वाटतं, सवय होतीच. तीस वर्षं रोज लावलेली सवय. बऱ्या दिवसांत ज्या वाक्यांना आधार लागत नव्हता, तीच वाक्यं वाईट दिवसात आधाराशिवाय उभी राहिली. त्यांच्या वाक्यांत 'कारण' कधीच नव्हतं, म्हणून कारण गेल्यावर ती पडली नाहीत. सैतानाचा तो ईयोबाबद्दलचा प्रश्न आमच्या घरापुरता एका जनरल वॉर्डच्या खाटेवर सुटलेला होता, आणि मी शेजारी बसून सलाईन बघत होते.

मलाखीच्या ३:६ मध्ये देव म्हणतो की मी बदलत नाही. इब्री लोकांस पत्रात, १३:८, येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग तोच असल्याचं लिहिलंय. माणसांच्या बाबतीत 'पळसाला पानं तीनच' म्हणताना आपण सुस्कारा टाकतो. देवाच्या बाबतीत तेच वाक्य म्हणून बघा. आयसीयूत जा, दफनभूमीत जा, जनरल डब्याच्या दारात उभे राहा, रात्रपाळीला जा: तो पवित्र, तो चांगला, तो आमचा. तीन पानांचा एक देठ म्हणून कोणी यात त्रिएकत्व दाखवेल, शब्बाथ शाळेत ते चालून जातं. मला मात्र आईचा अर्थच पुरे आहे.

आज रात्री तुम्हीही मावशींची अट लावून बघा. दहा मिनिटं नको, दोनच मिनिटं. 'दे' नाही, 'दिलंस' नाही, 'कारण' नाही. अडखळलात तर निर्गम ३४ उघडा आणि त्यातला एकच शब्द घ्या. आणि एखादा शब्द तोंडातून निघतच नसेल, तर खोटा काढू नका. २२व्या स्तोत्रात तो आधी 'पवित्र' म्हणतो, 'चांगला' म्हणत नाही. त्याला तेवढंच जमलं असेल.

आता आमच्या घरी रात्रीची प्रार्थना आम्ही दोघीच करतो. शेवटी पप्पांची वाक्यं म्हणायची असं ठरलंय. "प्रभू, तू पवित्र आहेस" हे मी म्हणते. "तू आमचा आहेस" हेही म्हणते. मधलं वाक्य अजून माझ्या घशात अडकतं. ते आई म्हणते. मी आमेन म्हणते.